शत्रुघ्नचे गुडघे आणि सुट्टीचा खाडा

कुवेतमधल्या फहाहीलच्या खानावळीत फखरुन्निसा पोळ्या लाटत होती आणि भिंतीपलीकडे दोघे गडी गुडघ्यावरून भांडत होते.

"दिवसभर लाद्या उचलतोय मी, आणि तू मला व्यायाम शिकवतोस?" हा शत्रुघ्न. राजापूरकडचा, लादी बसवणारा कारागीर.

"काम वेगळं, व्यायाम वेगळा, दादा. मांडीत ताकद नसली की सगळा भार गुडघ्यावर येतो." हा सुदेश. एका स्पोर्ट्स क्लबात मॅट अंथरायच्या कामावर. तिथला मिसरी, म्हणजे इजिप्तचा, ट्रेनर नवंनवं संशोधन वाचून खेळाडूंवर करून बघायचा, आणि सुदेश ते जेवताना सगळ्यांना वाढायचा.

"तुझे खेळाडू पळतात हौसेने. मी बसतो पोटासाठी."

"मग हात न टेकता उठून दाखव बघू!"

पलीकडे धडपड ऐकू आली. मग ताट जोरात सरकल्याचा आवाज. नाही उठला, फखरुन्निसा मनात म्हणाली.

तेव्हा इराकशी लढाई नुकती सरली होती, कुवेतभर घरं नव्याने उभी राहत होती आणि लादीवाल्यांना उसंत नव्हती. पण लादी बसवायची तर उकिडवं बसावं लागतं. ते बसणं गेलं की कारागीर गेला. फोरमनने सांगूनच ठेवलं होतं, ईदनंतरही लंगडताना दिसलास तर दुसरा माणूस आणतो, तू गावी जा. गावी जाऊन तरी काय? तिथेही लादी उभ्याने बसत नाही.

शत्रुघ्नचं आपलं एक शास्त्र होतं. गुडघ्यात देवाने वंगण मोजून भरलंय, वापरलं की संपलं. म्हणून कामाबाहेर तो ते वाचवायचा. दोन गल्ल्या ओलांडायला टॅक्सी, शुक्रवारी दिवसभर गादीवर आडवा. जितकं वाचवलं, तितका गुडघा जास्तच कुरकुरायला लागला.

शेवटी कुणाला न सांगता तो सुदेशकडे गेला. सुदेशचा उपाय अगदी साधा. खुर्चीत बसायचं, पायाला वाळूची लहान पिशवी बांधायची, पाय सावकाश सरळ करायचा, सावकाश खाली आणायचा. एक दिवस करायचं, एक दिवस सोडायचं.

पण शत्रुघ्न पडला कंत्राटी माणूस. सोडलेला दिवस म्हणजे त्याच्या लेखी खाडा. आणि घरात लाद्या असताना वाळू कशाला? पायाला लादी बांधून गडी रोज सुरू. त्याची खोली खानावळीच्या बरोबर वर. वर लादी आपटली की खाली छताचा चुना थेट कालवणात.

"ह्याने वर फोडाफोडीचं काम घेतलंन काय?" फखरुन्निसाचा नवरा गफूर म्हणाला.

आठवड्याभरात गुडघा नारळाएवढा सुजला. ईद तोंडावर आलेली. शत्रुघ्नने सुदेशला नाही नाही ते सुनावलं. "मी वाळू सांगितली होती, लादी नाही," म्हणून सुदेशही फुगला. दोघे वेगवेगळ्या पंगतीला जेवायला लागले, तेव्हा फखरुन्निसा मधे पडली.

"शत्रूभाऊ, सांदणाचं पीठ फुगतं कधी? ढवळताना की ठेवून दिल्यावर?"

"ठेवून दिल्यावर, भाभी."

"मग हा पोरगा दुसरं काय सांगत होता? सोडल्या दिवशीच मांडी भरते म्हणे."

सुदेशने अशी मान डोलावली, जणू त्या मिसरी ट्रेनरची चुलतीच बोलत होती.

सूज उतरली आणि शत्रुघ्न वाळूवर आला. खाडा मात्र त्याला खुपायचाच. सोडल्या दिवशी खुर्चीत बसून तो नुसता पायाकडे बघत राहायचा. ईद झाली. फोरमन समोर उभा राहिला. शत्रुघ्न उकिडवा बसला, लादी बसवली, ठोकून बघितली आणि उठला. तोंड वाकडं झालं, पण उठला. फोरमनने दुसऱ्या माणसाचं नाव पुन्हा काढलं नाही.

पुढे सुदेशने चालणंही लावलं. बिनकामाचं चालायची शत्रुघ्नला लाज वाटे. मग फखरुन्निसाने त्याला काम दिलं, समुद्राकडच्या इराणी बेकरीतून संध्याकाळी खानावळीसाठी गरम खबूस रोट्या आणायच्या. जवळ दुसरी बेकरी होती, ती त्याला कुणीच दाखवली नाही.

गुडघा पुरता बरा कधीच झाला नाही, थंडीत बोलायचा. पण त्याच गुडघ्यांवर त्याने वर्षानुवर्षं लोकांच्या घरांतून लाद्या बसवल्या, केस पांढरे केले, आणि मग कंपनीने सांगायच्या आत स्वतःच पुरे म्हणाला.

जायच्या दिवशी संध्याकाळी बॅगा खाली आणून ठेवलेल्या, टॅक्सी दारात, आणि हा गायब.

"विमान काय ह्याच्यासाठी थांबणार हाय?" गफूर करवादला.

शत्रुघ्न रस्त्याच्या टोकाने आपल्या चालीने आला. पायऱ्या चढला, खबूसची पुडकी ओट्यावर ठेवली.

"भाभी, झाकून ठेवा. निवतील."