दोन हातांत दोन बादल्या

त्या सकाळी मी जागा होतो. हे मी तीन वर्षं कुणाला सांगितलं नाही.

आमच्याकडे कचऱ्याची गाडी साडेसातला गाणं वाजवत येते. बड़ा गणपती मंदिराजवळच्या आमच्या गल्लीत जेमतेम मिनिटभर थांबते. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, म्हणून दोन बादल्या खाली न्यायच्या. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. मंगळवार-शुक्रवार पाळी माझी, बाकी दिवस बाबांची. बाबा तेव्हा सत्त्याहत्तरचे. पहाटे बॅडमिंटन खेळून यायचे आणि वर मलाच चिडवायचे, "काय रे, म्हातारा तू का मी?"

तो शुक्रवार होता. गाणं ऐकू आलं तेव्हा मी पांघरुणात मोबाईल बघत पडलो होतो. बाबांनी दारातून हाक मारली, "अरे, गाडी आली. उठतोस ना?"

मी डोळे मिटून घेतले.

"सोने दो साहबजादे को," असं पुटपुटत ते निघाले. घाईची पावलं. दोन्ही हातांत बादल्या, कठडा धरायला हात उरलाच नव्हता. मग एक बादली गडगडत गेली आणि त्यानंतर काहीच नाही. त्या 'काहीच नाही'ची मला अजून भीती वाटते. खालून शेजारी ओरडले, "भिया, अंकलजी गिर गए!"

बाबा जिन्याच्या वळणावर पडले होते, भाजीच्या देठांत, चहाच्या चोथ्यात. म्हणाले, "आधी कचरा उचल. कुणी घसरेल."

खुब्याचं हाड मोडलं होतं. दुपारी देपालपूरहून ताई हॉस्पिटलात आली. आल्या आल्या विचारलं, "शुक्रवारी तुझी पाळी ना?"

"झोपलो होतो गं. यांनी उठवलंच नाही. किती वेळा सांगितलं, पळू नका. ऐकतील तर ना!"

बाबा छताकडे बघत होते. ताई त्यांच्यावरच कडाडली, "जवान दिसायची हौस ना! बंद आता ते बॅडमिंटन."

ऑपरेशन झालं, हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, चाला, जिना उतरा. बाबा जिन्याच्या तोंडाशी येतात, एक पाय उचलतात आणि मागे घेतात. रॅकेट त्यांनी परस्पर कुणाला तरी देऊन टाकली. सकाळी गाणं वाजलं की भिंत धरून उभे राहतात, गाडी गल्लीबाहेर जाईपर्यंत. मी बादल्या उचलून त्यांच्यासमोरून जातो. आम्ही बोलत नाही.

गेल्या आठवड्यात बोललो. "बाबा, त्या दिवशी मी जागा होतो."

"माहितेय. पांघरुणातून मोबाईलचा उजेड दिसत होता."

"मग ताईसमोर का नाही बोललात?"

"तिच्यासमोर तुला खोटा पाडू?"

मी तिथंच ताईला फोन लावला, स्पीकरवर. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, हा म्हणतोय ते खरं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "नाही गं. झोपलाच होता तो. मला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेतोय, बस."

"तरीच! तुमचीच घाई ती. जिन्याकडे फिरकू नका हं आता."

"नाही फिरकत," बाबा म्हणाले.