नॉर्मल रिपोर्टचे पेढे

पेढ्यातल्या वेलचीचा वास आला की मला अजूनही एमआरआयचं मशीन आठवतं. माझ्या डिप्रेशनवर तिसरं औषधही लागू पडलं नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढायला सांगितला आणि थोरला भाऊ मला मोताळ्याहून अकोल्याला घेऊन गेला. त्या अरुंद नळीत पत्र्यावर हातोडा पडावा तसा आवाज होता आणि अजिबात हलायचं नाही असा हुकूम होता. दोन वर्षं अंथरुणात मी दुसरं काय करत होतो? मशीनवाला नंतर कौतुकाने म्हणाला, "इतका शांत पेशंट पाह्यला नाही बुवा." आत पडल्यापडल्या मी एवढंच मागत होतो, की एखादा डाग निघू दे, म्हणजे घरचे मला आळशी म्हणणार नाहीत. रिपोर्ट नॉर्मल आला. डॉक्टरांनी समजावलं, की डिप्रेशनमुळे मेंदूत पडणारे फरक पुष्कळ मेंदूंची तुलना केल्यावर दिसतात, एकट्याच्या फोटोत सहसा दिसत नाहीत. आजार मात्र खरा आहे. भावाने त्यातलं 'नॉर्मल' तेवढं ऐकलं आणि आठवडी बाजारात पेढे वाटले. "याच्या डोक्यात काहीच नाही निंगालं," असं म्हणत तो फिल्म उन्हात धरून ज्याला त्याला दाखवत होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आता काऊन पडून राह्यतं बे? उद्यापासून आपल्या दुकानात बस." लोक माझं अभिनंदन करत होते आणि माझ्या तोंडातला पेढा गिळवत नव्हता, थुंकताही येत नव्हता. पुढे पाचव्या औषधाने मी उठून बसलो, तेव्हा मात्र कोणी पेढे वाटले नाहीत.