भाताच्या खाचरात विमान

माझ्या हातून आजवर चुकून असं एकच विमान बुडालं आणि त्यात माझे वडील बसलेले होते.

(वडील सुखरूप आहेत. हे लिहितोय तेव्हा मागं बसून शेंगा खातायत.)

राजुरीत माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. पाण्यातली मोटार जळाली की लोक माझ्याकडं येतात आणि मी आधी त्यांना झापतो, मग मोटार उघडतो. दुकानाच्या मागच्या खोलीत माझं विमान आहे. म्हणजे संगणकावरचं; पण ‘गेम’ म्हणू नका, राग येतो मला! दोन इंजिनांचं, पेट्रोलवर चालणारं, लई पळणारं विमान. समोर मोठा पडदा, हाताशी सहा दांड्या, पायाशी दाबायचे दोन पायटे. यातलं इंजिन थंड असताना जोर दिला तर खराब होतं, आणि आज खराब केलेलं उद्याही खराबच सापडतं. इतकं खरं! बायको, सुनंदा, म्हणते की खऱ्या मोटारींकडं एवढं लक्ष दिलं असतं तर दुकान दुमजली झालं असतं.

आमचं मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. घर, देऊळ, भाताची खाचरं, सगळंच. त्यानंतर दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिकडं तोंड केलं नाही. लग्नकार्याला जायचं तरी लांबच्या वाटेनं जायचे. पण यंदा त्यांच्या छातीत दुखलं, चार दिवस दवाखान्यात काढले, आणि घरी आल्यावर एका सकाळी चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, “दत्ता, एकदा गाव बघायचं व्हतं रं.”

गावाची जागा धरणाच्या भिंतीवरून दिसत नाही. आत वळणावर, बोटीनं जावं लागतं. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, “खड्ड्यांचा रस्ता नको, बोट तर अजिबात नको.” दादा भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. त्यांना तसं पडलेलं बघून मी बोलून गेलो, “दादा, मी नेतो तुमाला. इमानानं.”

रविवारी दुपारी निघायचं ठरलं. दादा सकाळपासूनच तयार. धुतलेलं धोतर, नवी टोपी, मांडीवर पिशवी. पिशवीत नारळ, हळद-कुंकू, लिंबू.

“हे कशाला?”

“नवं वाहन हाय. पूजा केल्याबिगर बसायचं?”

“दादा, तीन वर्सं चालवतोय मी.”

“माणसं कधी बसवली व्हती?”

सुनंदानं पडद्याला हळदीकुंकू वाहिलं (अगदी मधोमध, म्हणून पुढं सगळा प्रदेश लालसर दिसत होता). मग दादांनी विचारलं, “चाक कुठंय?”

“चाक पडद्यात हाय, दादा.”

“मग हालतं काय हितं?”

मी दांड्या दाखवल्या, पायटे दाखवले. दादांनी खाली वाकून लिंबू उजव्या पायट्याखाली सरकवलं. नारळ दाराच्या दगडावर फोडला आणि गाडीच्या चाकावर घालतात तसं त्यातलं पाणी त्या सहा दांड्यांवर घातलं. पावशेर तरी असेल! उभ्या जन्मात ज्यानं गावाला ‘मोटारीत पाणी शिरू देऊ नका’ म्हणून शिव्या घातल्या, तो मी हात जोडून उभा होतो. प्रसादाचं खोबरंही खाल्लं.

“पट्टा बांध की,” दादा म्हणाले. सुनंदानं त्यांना उपरण्यानं खुर्चीला बांधलं.

पुण्याहून उडालो. सरळ उडताना पायट्यांचं काम नसतंच, त्यामुळं लिंबू विसरलो. खेड मागं पडलं, मंचर आलं आणि गेलं.

“मंचर गेलं पण?” दादा दचकले. “च्याला थांबला न्हाईस?”

दहा मिनिटांत शिनोली ओलांडलं. समोर धरणाची भिंत आणि तिच्यामागं पाणी, डोंगराच्या कुशीत शिरलेलं. दादांनी टोपी नीट केली. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मला वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

आणि नेमकं तेव्हाच नारळाचं पाणी आत पोचलं! डाव्या इंजिनाच्या दांडीत ओल गेली, तिनं परस्पर पेट्रोल बंद केलं आणि विमानानं डावीकडं झटका खाल्ला.

“काय झालं?” सुनंदा ओरडली.

“काय न्हाई! मला सगळं येतं!”

येत होतंच. अशा वेळी विमान सरळ धरायला एक पाय जोरात दाबावा लागतो, आणि जो पाय बिनकामाचा राहतो त्या बाजूचं इंजिन मेलं, अशी शिकवण आहे. मी उजवा पाय दाबला. पायटा हलेना. पुन्हा दाबला. हलेना! म्हणजे उजवा पाय बिनकामाचा. म्हणजे उजवं इंजिन मेलं! मी रुबाबात उजवं इंजिन बंद केलं.

तेवढ्यात पायाखाली फच्चकन आवाज झाला आणि लिंबाचा वास सुटला.

“फुटलं वाटतं,” दादा समाधानानं म्हणाले. “आता भ्या न्हाई.”

दोन्ही पंखे थांबले होते. खोलीत इतकी शांतता झाली की पडद्यातला वारा ऐकू येत होता. मी दांड्या पुढंमागं केल्या, हाताला नारळाचा चिकटपणा लागला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण आता काय उपयोग! खाली नुसतं पाणी.

“दादा, दोन्ही बंद पडली.”

“मग उतरव.”

“कुठं उतरवू? रान न्हाई कुठं!”

दादा उपरण्यातनं पुढं वाकले. “ती डोंगराची सोंड दिसती का? तिच्या पायथ्याला देऊळ. देवळाच्या खालच्या अंगाला आपलं खाचर, चांगलं लांबलचक. तिकडं घे.”

“दादा, तिथं पाणी हाय!”

“मला सांगतो का?” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. “तिथं खाचर हाय. घे.”

मी घेतलं. ते सांगत गेले आणि मी वळवत गेलो. जरा डावीकडं, हितं आंबा व्हता. आता सरळ, ही गावात शिरायची पांद. हे आपलं दार, तुझी आई हितं उभी ऱ्हायची. मला पाण्याशिवाय काही दिसत नव्हतं. पाणी जवळ आलं, आणखी जवळ आलं, आणि पडदा काळा झाला. मधोमध इंग्रजीत दोन ओळी आल्या, की आपलं विमान नष्ट झालं आहे.

मला मान वर करवेना. आजारी माणसाला मोठ्या तोऱ्यात गाव दाखवायला नेलं आणि गावातच बुडवलं! रडू यायला लागलं.

“दादा, चुकलं माझं. बुडालो आपण.”

“कुठं?”

“तुमी म्हणला तिथंच.”

दादांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “म्हंजी पोचलो की रं. बोटीवाले नुसतं वरनं फिरवून आणत्यात. खाली कुणी नेलं नव्हतं.”

सुनंदानं पदर तोंडाला लावला. मी उठून उपरणं सोडलं, पण गाठ काही लवकर सुटेना.

नंतर मी त्या दांड्या उघडून पुसल्या, वाळवल्या (‘पाणी कसं शिरलं?’ असं विचारणारं गिऱ्हाईक तेवढ्यात येऊ नये म्हणून दार लावून). आठ दिवस सराव केला आणि दादांना पुन्हा नेलं. दोन्ही इंजिनं ठणठणीत! गावावरून तीन घिरट्या घातल्या आणि पुण्याला असं अलगद टेकवलं की चाक लागलेलं कळलं नाही. मोठ्या हौसेनं मागं वळलो.

“कसं वाटलं, दादा?”

“उतरवलंस झ्याक,” ते म्हणाले. “पण पुण्यात माझं कोण हाय?”

तेव्हापासून रोज पाचाच्या चहानंतर मी त्यांना घेऊन निघतो, डोंगराच्या सोंडेपाशी दोन्ही चांगली इंजिनं आपल्या हातानं बंद करतो आणि विमान खाचरात घालतो. यात मी आता इतका तरबेज झालोय की परवा सुनंदा अगदी काळजीनं म्हणाली, “अहो, उद्या कधी खऱ्या इमानात बसायची येळ आली, तर तुमाला चालवता येतं असं कुणाला सांगू नका हां!”