चटका न बसणारे हात

शिवकन्याबाईंच्या हाताला चटका बसत नाही, ही गोष्ट औशात त्यांच्या सगळ्या भावकीला ठाऊक होती. नुसती ठाऊक कसली, त्या गोष्टीच्या जिवावर भावकी तीस-पस्तीस वर्षं तिळाचे लाडू खात होती. संक्रांत जवळ आली की चार घरांचे तीळ आणि गूळ पिशव्यांतून त्यांच्या ओसरीवर येऊन पडायचे. भोगीला डबे भरून परत जायचे. मधलं काय ते शिवकन्याबाईंनी बघायचं.

गोष्ट साफ खोटी होती. नवी सून म्हणून आल्या, तेव्हा पहिल्याच संक्रांतीला सासूबाईंनी त्यांना कढईजवळ बसवलं. लाडू गरमच वळावे लागतात, निवल्यावर पाकाचा दगड होतो. हात पोळला, डोळ्यांत पाणी आलं, पण माहेरचं नाव निघायला नको म्हणून त्या गप्प राहिल्या. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "आमच्या शिवकन्येला चटकाच बसत न्हाई बघा." बिचारीला ते कौतुक गोड लागलं आणि तिथंच ती अडकली. पुढं जावा आल्या. त्या दोन लाडू वळून हात झटकत उठायच्या, "बाई, तुमीच करा, तुमाला काय होतंय?" वड्या थापाव्यात, तर संक्रांतीला देवापुढं ओवसायला गोल लाडूच लागतो, असा सासूबाईंचा दंडक. सासूबाई गेल्या, दंडक तेवढा मागं राहिला.

यंदा मात्र शिवकन्याबाई थकल्या होत्या. साठी जवळ आली होती, शुगरच्या गोळ्या चालू होत्या, सकाळी उठतानाच दिवस संपल्यासारखं वाटायचं. मागं एकदा बाजारात पायातली चप्पल गळून पडली आणि त्या तशाच अनवाणी एका पायानं घरी आल्या. यजमानांनी, वैजनाथरावांनी दाखवलं तेव्हा कळलं. "ध्यान कुठं असतंय तुझं?" ते म्हणाले, आणि विषय संपला. तेव्हापासून त्यांनी मनाशी एक ठरवलं होतं. या भोगीला पहिला चटका बसला की सगळ्यांदेखत हात झटकायचा आणि म्हणायचं, आता माझ्यानं होत न्हाई. एवढं एकच वाक्य, पण ते बोलायला अर्धं आयुष्य गेलं होतं.

भोगीला दुपारी खेंगटाच्या मिसळभाजीची आणि भाकरीची जेवणं उरकली आणि कढई चढली. धाकटी जाऊ तीळ भाजून देऊन गप्पा मारत बसली. वैजनाथराव दारात पेपर चाळत होते. सून पूनम नुकतीच शाळेतून शिकवून आली होती आणि भांडी आवरत होती. पाकाचा थेंब वाटीतल्या पाण्यात टाकून त्याची गोळी ताटलीत वाजवून बघितली, टणकन आवाज आला. तीळ, कूट, वेलची पडली. शिवकन्याबाईंनी तळहाताला पाणी लावलं, पहिला गोळा उचलला आणि वाट पाहिली.

चटका बसला नाही.

त्यांना वाटलं, पाक निवला असेल. पण कढईतून वाफ येत होती. दुसरा गोळा घेतला, तिसरा घेतला. मग त्यांना खरोखर आनंद झाला, की देवानं उतारवयात का होईना, आपलं खोटं खरं केलं. आणि लगेच पुढचं ध्यानात आलं. आता कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? हात झटकायला कारणच उरलं नव्हतं. म्हणजे पुढच्या साली आहेच, त्याच्या पुढच्या सालीही आहेच. त्या मुकाट्यानं वळत राहिल्या.

"हात हाय का लाकूड?" जाऊ कौतुकानं म्हणाली.

लाडवांचं ताट उचलायला पूनम वाकली आणि थबकली. सासूला आत्या म्हणायची तिच्या माहेरची रीत. "आत्या, हात बघू."

"काय न्हाई, गूळ चिकटलाय."

गूळ नव्हता. दोन्ही तळव्यांवर फोड टरारले होते. पूनमनं त्यांना उठवून हात नळाखाली धरले. "थंड लागतंय का?"

शिवकन्याबाईंनी जरा अंदाज घेतला. "न्हाई कळत, माय."

"माझ्या अप्पांचं असंच झालं होतं. शुगरनं हातापायाची जाण जाती. आत्ताच दवाखान्यात जाऊ. एवढी कढई उरकून मी येते तुमच्यासंगं."

वैजनाथरावांनी पेपर खाली केला. "अगं, पण तिला पयल्यापासूनच चटका बसत न्हाई की."

"बसत हुता," शिवकन्याबाई म्हणाल्या. "दरसाल बसत हुता."

नळ चालूच होता.

"मंग बोलली का न्हाईस?" वैजनाथरावांनी विचारलं.

"कुणी इचारलं का?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग यायलाही अंगात थोडं बळ लागतं.

पूनमनं गॅसवर कढई पुन्हा जराशी ऊन केली. एक लाडू वळून बघावा म्हणून गोळा उचलला आणि "आई गं" म्हणत तिथंच टाकला. दुसऱ्या गोळ्याला तिनं हात लावला नाही. ताटाला तूप फासून कढई त्यात उपडी केली, वाटीच्या बुडानं थापलं, सुरीनं रेघा मारल्या. जाऊ म्हणाली, "पण ओवसायला..." पूनम म्हणाली, "झालेत तेवढे लाडू पुरतात, काकू." चहाला उकळी फुटायला लागतो तेवढ्या वेळात सगळं आटोपलं आणि ती चप्पल शोधायला गेली.

शिवकन्याबाई ओले हात मांडीवर उताणे ठेवून ताटातल्या वड्यांकडे बघत होत्या. कुणाचं काही अडलं नव्हतं. जाऊसुद्धा एव्हाना कडेची वडी मोडून खात होती. मग त्यांना रडू फुटलं. वैजनाथराव घाबरून जवळ आले आणि लई आग होतीय का म्हणून विचारू लागले. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं, आणि या खेपेला ते खरं होतं.