सॉफिस्टिकेटेड दूध

"मशीननं पास केलंय, मग तुमी कावून नापास करता?" चेअरमन साहेब लॅबच्या दारातच उभे होते.

मी बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी दूध संघात केमिस्ट होते. दुष्काळ होता. जनावरं चारा छावणीत. सगळ्या गावांचं दूध घटलेलं, गेवराईकडच्या एका गावच्या दूध संस्थेचं मात्र वाढत होतं. त्याच संस्थेचा टँकर बाहेर उभा होता.

मशीन मुख्य दोन गोष्टी बघायचं. फॅट, म्हणजे स्निग्धांश. आणि एसएनएफ, म्हणजे पाणी नि फॅट सोडून दुधात उरतं ते. दोन्ही झकास भरले. उपाशी जनावराचं दूध इतकं झकास भरत नाही, म्हणून मी हातानं टेस्ट लावल्या. एका नळीत पिवळा रंग आला, युरिया. दुसरीत जांभळा, कपडे धुवायची पावडर. फॅट तेलाचं होतं; पावडर ते दुधात मिसळायला, युरिया एसएनएफ वाढवायला.

"साहेब, हे पिऊन लेकरं आजारी पडतील."

"लई सॉफिस्टिकेटेड काम दिसतंय." त्यांच्या आवाजात चक्क कौतुक होतं.

"शब्द बरोबर वापरलात," मी म्हणाले. आज आपण तो सुधारलेलं, उच्च अभिरुचीचं, गुंतागुंतीचं अशा अर्थानं वापरतो. पण जुन्या इंग्रजीत औषध किंवा दारू 'सॉफिस्टिकेट' करणं म्हणजे त्यात भेसळ करणं. हे मी साहेबांना सांगितलं. ते हसले नाहीत.

"इंग्रजी ऱ्हाऊ द्या. टाकीत घ्या. प्लांट बंद पडंल."

"मग 'पास'च्या शेऱ्यावर सही तुम्ही करा."

सही त्यांनी केली नाही. टँकर गटारात रिकामा झाला. रस्त्यापलीकडे पाण्यासाठी घागरी घेऊन थांबलेल्या बाया बघत राहिल्या.

संघानं त्या संस्थेचं दूध बंद केलं. भेसळ करणाऱ्या, तिथल्याच सेक्रेटरीनं लगेच गावात खासगी डेअरीचं दूध संकलन केंद्र उघडलं. आणि त्याच गावची कौसाबाई किटली घेऊन माझ्याकडे आली.

"बाई, माझं एकटीचं तपासा. एकच म्हैस हाय. पानी बी न्हाई घातलं."

दूध निखळ होतं. मी तिला घेऊन चेअरमनकडे गेले.

"संघ संस्थेचं दूध घेतो, एकट्यादुकट्याचं न्हाई," ते म्हणाले. नियम तसाच होता.

"अन् त्या सेक्रेटरीच्या दारात मी जायची न्हाई," कौसाबाई म्हणाली. किटली उचलून ती निघून गेली. पुढच्या बाजारात तिनं म्हैस विकली.

भेसळ पकडणं माझं काम होतं, ते मी केलं. चांगलं दूध वाचवणं मात्र कुणाच्याच नेमणूकपत्रात नव्हतं.