एकशे चाळीस ओळींचं कारण

इशारेमास्तर आणि त्यांची सून राहायची एका घरात, जेवायची एका टेबलावर, आणि भांडायची मात्र ईमेलवर. आता याला काय म्हणावं! पण त्यांच्या धंद्याची रीतच तशी. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला मुख्य कारभारी. त्याच्या कोडबद्दल जे काही म्हणायचं ते मेलिंग लिस्टवर, सगळ्यांना दिसेल असं, लेखी. तोंडी बोललेलं कुणी धरतच नाही.

हा कारभारी प्रोग्रामांना इशारे देतो: थांब, चल, आवर. त्या इशाऱ्यांचा कोड पंचवीस वर्षं मास्तरांच्या ताब्यात. त्यांच्या होकाराशिवाय तिथला स्वल्पविरामही हलत नसे. सुनेने महिनाभर डोकं खपवून तो सगळा गुंता सोडवला होता, पाच फाइलींचं काम दोन फाइलींत आणलं होतं. तिचं हे पहिलंच मोठं काम. रविवारी संध्याकाळी सहाच्या आत मास्तर 'मंजूर' म्हणाले तर ते नव्या व्हर्जनमध्ये जाणार, नाहीतर बसा वाट बघत.

घोडं अडलं सुनेने काढून टाकलेल्या एकशे चाळीस ओळींपाशी. 'थांब' आणि 'चल' एकदम आले तर 'चल' क्षणभर मागे ठेवायचा, असली उठाठेव त्या ओळी करत. वर मास्तरांचीच टीप: 'हे काढू नका. कारण आहे.' सुनेने लिस्टवर विचारलं, 'कारण कळेल का?' मास्तरांनी उत्तर दिलं, 'कारण आहे म्हणजे आहे.' खरं सांगायचं तर ते कारण त्यांना काही केल्या आठवत नव्हतं. पण लिस्टवर तसं कबूल करायचं? छे! काय अब्रू राहणार मग?

टेबलावर मात्र सगळी गोडीगुलाबी.

"बाबा, भाजी वाढू?"

"वाढ, थोडीच."

"अहो, शेजारशेजारच्या खोल्यांत बसता," सासूबाई वैतागून म्हणाल्या, "सरळ बोलून का नाही मोकळे होत?"

"कामाचं आहे!" दोघं एकदमच म्हणाले.

रविवारी दुपारी मास्तरांनी कंबर कसली. सुनेचा बदल स्वतःच्या मशीनवर चढवला. काहीतरी मोडणार आणि आपण 'नामंजूर' लिहून सुटणार, असा त्यांचा हिशेब. पण मोडलं काहीच नाही. तोंड पाडून ते मेल लिहायला बसले, आणि मेलचा प्रोग्राम जागच्या जागी गपगार झाला. हा प्रोग्राम त्यांनीच तरुणपणी लिहिलेला, आणि अख्ख्या जगात तो वापरणारेही ते एकटेच.

"मोडलं! मोडलं!" मास्तर खुर्चीतून उडालेच. एकाही माणसाचा चालता प्रोग्राम मोडायचा नाही, हा नियम त्यांनीच लिस्टवरच्या पोरापोरींच्या डोक्यात हाणून बसवला होता.

आणि तेवढ्यात त्यांची ट्यूब पेटली. आपल्या प्रोग्राममध्ये एक चूक होती, ती दुरुस्त करायचा आपण कंटाळा केला, आणि ती झाकायला कर्नलमध्ये एकशे चाळीस ओळी घातल्या! जगभरातली मशिनं, विमानतळांवरची, इस्पितळांतली, पंचवीस वर्षं आपला आळस वाहतायत. मास्तरांना दरदरून घाम फुटला.

साडेपाच वाजले होते. मेल तर जाईना. मास्तर उठले आणि शेजारच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. सून नखं कुरतडत स्क्रीनसमोर बसली होती.

"अगं, कारण सापडलं."

तिचा चेहरा उतरला. "म्हणजे कुणाचं तरी मोडतंय?"

"माझं."

त्यांनी सगळं सांगितलं. ती हसली असती तरी चाललं असतं, पण ती हसली नाही.

"मग नामंजूरच, बाबा," ती हळूच म्हणाली. "एकाचं मोडलं तरी मोडलंच. नियम तुमचाच आहे."

मास्तर स्वयंपाकघरात गेले आणि बायकोचा फोन मागून घेतला.

पावणेसहाला लिस्टवर सासूबाईंच्या पत्त्यावरून मेल आला. 'मंजूर. या ओळी ज्या एका गृहस्थासाठी होत्या, तो गृहस्थ मी. चूक माझ्या प्रोग्राममध्ये होती. तो मी आजपासून वापरत नाही. सही, इशारेमास्तर.'

"बाबा!" सून धावतच बाहेर आली. डोळे भरलेले.

"तोंडी कुणी धरत नाही ना, म्हणून लेखी दिलं," मास्तर म्हणाले. "आता बस इथं, आणि चारचौघांसारखा मेल कसा बघतात, तेवढं शिकव मला."