गप राहणारी जात

आदिलाबादच्या जनावरांच्या दवाखान्यात चिठ्ठ्या लिहिणारे एक गृहस्थ आहेत. चिठ्ठीवर जातीचा रकाना असतो, पण ते आधी विचारतात, "नाव काय जी याचं?" मग शेळी असो की कुत्रं, त्याला त्या नावानंच हाक मारतात. जात शेवटी लिहितात, तीही बारीक अक्षरात.

ते आमच्याच गावचे. त्यांचे वडील आमच्या शेतात कामाला होते.

परवा मी त्यांना म्हटलं, "घरी कुत्रं पाळाचं हाये. चांगल्या जातीचं सांगा, न भुंकणारं. गावठी तर नकोच."

त्यांचं पेन थांबलं. "काऊन जी?"

"घरात गप राह्यलं पायजे न."

पेनाला टोपण लावत ते शांतपणे म्हणाले, "गप राह्यनं जातीवर नसते जी. ते शिकवा लागते."

मी हसलो. हसायला नको होतं.

परतताना बसमध्ये त्यांचे वडील डोळ्यांसमोर आले. आम्ही त्यांना अंगणात येऊ देत नव्हतो. कोणी बाहेर येईपर्यंत ते कुंपणापाशी उभे राहायचे. हाक कधी मारली नाही.

त्यांचं नाव मला गाव येईपर्यंत आठवलं नाही.